महिन्यातून एक रात्र बाहेर: सायकलवरच्या मुक्कामासाठी स्वतःला घराबाहेर काढायचं कसं

संध्याकाळचे पाच वाजलेले. सायकल भिंतीला टेकलेली, कॅरिअरला दोन्ही बाजूंच्या पिशव्या अडकवलेल्या, बाटल्यांत पाणी भरलेलं. आणि मी एका पायात बूट घालून खुर्चीत, दुसरा बूट हातात. डोक्यात हिशेब चालू: ढग आलेत, सकाळी गुडघा जरा कुरकुरत होता, त्यापेक्षा पुढच्या आठवड्यात गेलं तर? पाऊण तास असाच गेला. शेवटी निघालो, उशीर झालाच होता, तंबू अंधारात चाचपडत लावला. सकाळी परतताना मात्र हसू आलं. जायला दीड तास लागतो, आणि खुर्चीतून उठायला पाऊण तास.

गेली तीन वर्षं मी महिन्यातून एक रात्र सायकलने जाऊन उघड्यावर काढतो. छत्तीसपैकी एकतीस महिने जमलं, पाच हुकले. सायकल कुठली घ्यावी, तंबू कुठला चांगला, यावर वाचायला भरपूर मिळतं. हा लेख त्या खुर्चीबद्दल आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांची पहिली रात्र बहुतेक वेळा छान जाते, दुसरीही होते, आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सगळं सामान माळ्यावर जातं. ते माळ्यावर जाऊ नये यासाठी काय काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका

मलाही वाटायचं की चार-पाच महिने रेटून नेलं की सवय लागेल, मग पाय आपोआप पेडलवर जातील. तसं होत नाही, आणि त्याला कारण आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा एक अभ्यास केला होता, २०१० साली तो छापून आला. ९६ लोकांनी रोज एक छोटी गोष्ट करायची, उदाहरणार्थ जेवणाबरोबर पाणी पिणं, आणि ती किती अंगवळणी पडली ते नोंदवायचं. कुणाला १८ दिवस पुरतील असं निघालं, कुणाला २५४ लागतील असं. मधला आकडा ६६ दिवसांचा होता. आता हे ६६ दिवस म्हणजे रोज एकदा. महिन्यातून एकदा करायच्या गोष्टीला ६६ वेळा व्हायला साडेपाच वर्षं लागतील! आणि दोन वेळांमध्ये एवढा काळ जातो की शरीर मागची वेळ विसरूनही गेलेलं असतं.

म्हणजे हा मुक्काम दर वेळी नव्यानेच ठरवावा लागणार. हे एकदा मान्य केलं की स्वतःला दोष देणं थांबतं, आणि मग खरं काम दिसतं: त्या संध्याकाळी ठरवायच्या गोष्टी जितक्या कमी करता येतील तितक्या करायच्या. जागा आधीच ठरलेली, तारीख ठरलेली, सामान भरलेलं, निघायची वेळ ठरलेली. त्या संध्याकाळी फक्त बूट घालायचे राहिले पाहिजेत.

पायरी पहिली: मुक्काम इतका लहान करा की नाही म्हणायला लाज वाटेल

सायकल आणि तंबू म्हटलं की डोळ्यांसमोर आठवडाभराची सफर येते. तिचा विचार सध्या सोडा. अमेरिकेतले सायकल बनवणारे ग्रँट पीटरसन यांनी चोवीस तासांच्या आत आटोपणाऱ्या मुक्कामाला एक छोटंसं नाव दिलं आणि ते सायकलवाल्यांत रूढ झालं: दुपारनंतर निघा, कुठेतरी झोपा, सकाळी घरी या. इंग्लंडच्या ॲलिस्टर हम्फ्रीज यांचा हिशेब तर अजून साधा. नोकरी नऊ ते पाच असते, मग पाच ते नऊ तुमचेच की! संध्याकाळी पाचला सुटायचं आणि सकाळी नऊला परत जागेवर. हे सांगणारा माणूस चार वर्षं सायकलवरून जगभर फिरून आलेला आहे, त्यामुळे लहान मुक्कामाला कमी लेखायचं कारण नाही.

ही कल्पना नवीनही नाही. थॉमस हायराम होल्डिंग नावाचे एक शिंपी १८९७ मध्ये मित्रांबरोबर तंबू सायकलवर लादून आयर्लंडमध्ये फिरले आणि १९०१ मध्ये त्यांनी सायकलने मुक्कामाला जाणाऱ्यांची संघटना काढली. तिच्या पहिल्या मुक्कामाला सहा जण होते. सहाच! गर्दी जमेपर्यंत ते थांबले नाहीत, हे मला आवडतं.

तुमचा नियम एका ओळीत मावला पाहिजे. माझा असा आहे: घरून सायकलने निघायचं, छताखाली झोपायचं नाही, सायकलने परत यायचं. त्यात अंतराची अट नाही, वेगाची नाही, स्वयंपाक केलाच पाहिजे अशीही नाही. एका महिन्यात मी सहा किलोमीटरवरच्या मित्राच्या अंगणात तंबू लावला. तो आत पलंगावर, मी बाहेर. मोजला? अर्थात मोजला. असली पळवाट नियमात ठेवावीच, कारण वर्षातून एखाद-दोन महिने तीच तुम्हाला वाचवते.

पायरी दुसरी: एक जागा पक्की करा, आणि ती दिवसा बघून या

नवीन जागा शोधण्यात मजा आहे, पण ती मजा महिन्याच्या नियमात घुसवू नका. 'कुठे जाऊ' हा प्रश्न शुक्रवारी संध्याकाळी पडला की समजा मुक्काम गेला. घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर एक जागा हेरून ठेवा आणि पहिले तीन-चार मुक्काम तिथेच करा. त्याच जागी पुन्हा जाण्यात कंटाळा नसतो. मला तर कुठल्या झाडावर पहाटे कोण पक्षी बोलतो हे आता माहीत झालंय.

जागा बघायला दिवसाउजेडी, मोकळ्या सायकलने जा. जमीन कुणाची आहे ते विचारा आणि परवानगी घ्या. तंबूच्या मुक्कामासाठीच राखलेली जागा असेल तर पहिल्यांदा सरळ तीच निवडा. रात्री कुणीतरी टॉर्च मारून उठवेल या धास्तीने झोप जितकी उडते तितकी डासांनीही उडत नाही. जाळ करायची मुभा आहे का, हेही तिथेच विचारून घ्या.

मग वर बघा. तंबूवर येईल अशी वाळलेली फांदी लटकत असेल तर जागा बदला. खाली बघा: जमीन किंचित उंचवट्यावर हवी. खोलगट भागात पावसाचं पाणी साचतं हे सगळ्यांना कळतं, पण थंड हवाही तिथेच साचते हे लक्षात येत नाही. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली ओघळत दरीच्या तळाशी बसते. तळापासून थोडं वर चढून तंबू लावलात तर रात्र बरीच सुसह्य होते. पाण्याच्या अगदी काठावर झोपू नका. साठेक मीटर दूर राहण्याचा संकेत आहे, तुमच्यासाठीही आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांसाठीही. मोकळ्या माळावरचं एकटं झाड फोटोत सुंदर दिसतं. विजेलाही तेच आवडतं.

पायरी तिसरी: तारीख महिन्याच्या सुरुवातीला धरा

माझे जे पाच महिने हुकले त्यातले चार शेवटच्या आठवड्यावर ढकलल्यामुळे हुकले. 'अजून आहेत की दिवस' म्हणत म्हणत महिना संपतो. तारीख पहिल्या दहा दिवसांत धरा आणि त्याच महिन्यातली दुसरी एक तारीख राखीव ठेवा. पहिली तारीख पावसाने किंवा पाहुण्यांनी खाल्ली तर राखीवला जायचं, त्यावर पुन्हा विचार करायचा नाही.

तारीख ठरवायला चंद्राची मदत घेता येते, आणि नवख्यांनी ती जरूर घ्यावी. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि पुढे रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे पौर्णिमेच्या आधीचे दोन-तीन दिवस तुमच्यासाठी सगळ्यात चांगले: सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आधीच वर आलेला असतो, उशीर झाला तरी रस्ता दिसतो, आणि तंबू लावताना खुंटी कुठे ठेवली ते शोधावं लागत नाही. पौर्णिमेनंतर चार दिवसांनी गेलात तर मात्र झोपायच्या वेळेपर्यंत काळोखच. तारे बघायचे असतील तर तो काळोख हवाच. पण ते सहाव्या-सातव्या मुक्कामाला.

तारीख लिहिताना 'या महिन्यात जायचं' असं मोघम लिहू नका. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञांनी 'अमुक झालं की तमुक करायचं' अशा नेमक्या वाक्यांवर बरंच काम केलंय. नुसता संकल्प सोडण्यापेक्षा कधी, कुठे, कसं हे ठरवून ठेवलं तर गोष्ट होण्याची शक्यता वाढते, असा त्याचा गाभा. माझ्या कॅलेंडरवर लिहिलेलं असतं: 'शुक्रवार, साडेचार वाजले की कपडे बदलायचे.' मुक्कामाचा उल्लेखसुद्धा नाही. कपडे बदलले की पुढचं होतंच.

पायरी चौथी: खरी कारणं आधीच कागदावर

आळस कधी आळस म्हणून येत नाही. तो गुडघा होऊन येतो, ढग होऊन येतो, 'घरच्यांना वेळ द्यायला हवा' होऊन येतो. त्यामुळे न जाण्याची खरी कारणं कुठली, हे शांत डोक्याने आधीच लिहून ठेवा. माझ्या यादीत चार आहेत: ताप किंवा तसलंच आजारपण, विजांचा किंवा वादळी वाऱ्याचा अंदाज, घरात कुणाला माझी खरंच गरज असणं, आणि सायकलच्या ब्रेकमध्ये दोष. एवढंच. यादीत नाव नसेल तर ते कारण नाही. रिमझिम पाऊस यादीत नाही. कंटाळा नाही. 'मूड नाही' तर नाहीच नाही.

ही यादी दुसऱ्या बाजूनेही कामाची आहे. खरं कारण असेल तर मन न खाता घरी बसा. विजांच्या बाबतीत हट्ट नको: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज धोक्याच्या अंतरात आहे. पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. तंबू हा विजेपासून आडोसा नव्हे.

पायरी पाचवी: पिशवी नेहमी भरलेली

सगळ्या लेखातलं एकच काही पाळणार असाल तर हे पाळा.

पहिल्या वर्षी मी दर वेळी सामान नव्याने गोळा करायचो. स्लीपिंग बॅग कपाटात, स्टोव्ह स्वयंपाकघरात, हेडलॅम्प कुठल्यातरी खणात आणि त्याचे सेल रिमोटमध्ये. दीड तास घरभर हिंडून झाल्यावर माणूस इतका दमतो की बाहेर झोपायची हौस तिथेच फिटते. आता दोन पॅनियर, म्हणजे कॅरिअरच्या दोन बाजूंना अडकवायच्या पिशव्या, कायम भरलेल्या असतात. डाव्या पिशवीत झोपायचं: तंबू, मॅट, झोपायचे कोरडे कपडे, लोकरी टोपी. उजवीत बाकीचं: स्टोव्ह, एक भांडं, चमचा, काडेपेटी, प्रथमोपचार, पंक्चर किट, दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर काढायच्या पट्ट्या), पंप, ॲलन की (षटकोनी पाने), दोरी, कचऱ्याची पिशवी, खड्डा खणायचं छोटं फावडं. स्लीपिंग बॅग तेवढी बाहेर, खुंटीवर सैल टांगलेली. महिनोन्‌महिने दाबून ठेवली की आतल्या भरावाची फुगण्याची ताकद जाते आणि ऊब कमी होते. पिशवीच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे, ऐन वेळी घ्यायच्या पाच गोष्टींची: स्लीपिंग बॅग, पाणी, खाणं, फोन, औषधं.

सामान उत्तम असायची गरज नाही. उसनं आणा, जुनं वापरा. मात्र दोन गोष्टींत कंजुषी नको, आणि दोन्ही झोपेच्या आहेत. एक म्हणजे मॅट. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग जवळजवळ काहीच ऊब देत नाही, जमीन तुमची उष्णता रात्रभर ओढत राहते. मॅटवर आर-व्हॅल्यू नावाचा आकडा असतो, तो जितका मोठा तितकी ती जमिनीची थंडी अडवते. दुसरी स्लीपिंग बॅग. तिच्यावर सहसा दोन तापमानं छापलेली असतात, एक 'कम्फर्ट' आणि एक 'लिमिट'. विकणारा लिमिटचा आकडा सांगतो, तुम्ही कम्फर्टचा बघा. लिमिट म्हणजे गुडघे पोटाशी घेऊन कशीबशी काढलेली रात्र.

आता सामान सायकलवर बांधणं. जड वस्तू खाली आणि चाकाच्या आसाजवळ, दोन्ही बाजूंना सारखं वजन. तराजू नको, दोन हातांत दोन पिशव्या उचलून बघा, कळतं. कुठलाही पट्टा मोकळा लोंबता कामा नये. हे मी शिकलो ते असं: मॅट कॅरिअरवर इलॅस्टिक दोरीने बांधली होती, दोरीचं एक टोक आकड्यातून निसटलं आणि मागच्या चाकात गेलं. उतार होता. टक्‌ टक्‌ असा आवाज आला, वाटलं चेन आहे, आणि खाली बघेपर्यंत दोरी गिअरच्या चकत्यांभोवती तीन वेढे घेऊन घट्ट बसली. चाक जागच्या जागी थांबलं. पडलो नाही हे नशीब. पण रस्त्याच्या कडेला बसून, हात काळे करून, चाकूने ती दोरी तुकड्या-तुकड्याने कापून काढायला चाळीस मिनिटं गेली. तेव्हापासून बकलचे पट्टे वापरतो, आणि उरलेलं टोक दुमडून पट्ट्याखालीच खोचतो. निघण्याआधी मागचं चाक हाताने फिरवून कान देतो.

लादलेली सायकल वेगळी वागते. ब्रेक लावल्यावर थांबायला जास्त अंतर घेते, वळणावर मागून ढकलल्यासारखी वाटते, उभं राहून पेडल मारलं की शेपूट हलवते. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरा, टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेत. आणि पहिल्या मुक्कामाच्या चार दिवस आधी सगळं लादून घराभोवती दोन फेऱ्या मारा. शेजारी विचारतील कुठे निघालात. सांगा, कुठेच नाही.

पायरी सहावी: निघायची वेळ सूर्यास्तापासून उलटी मोजा

सामानासह नवख्याचा वेग ताशी बारा ते पंधरा किलोमीटर धरा. वीस किलोमीटरला दीड तास, वाटेत थांबण्याचा पाव तास, तंबू लावायला उजेडातला अर्धा तास. म्हणजे सूर्यास्ताच्या सव्वादोन तास आधी चाक हललं पाहिजे. नोकरीमुळे ते जमत नसेल तर वेळेशी भांडू नका, अंतर कमी करा. दहा किलोमीटर चालेल. सात चालेल. उशिरा निघून अंधारात पोचलेला पहिला मुक्काम हा बहुतेकांचा शेवटचा ठरतो, असं मी आजूबाजूला पाहिलंय. समोर आणि मागे दिवे मात्र लावलेलेच असू द्या, उजेड असला तरी.

घरी कुणाला तरी तीन गोष्टी सांगून निघा: कुठे झोपणार, सकाळी किती वाजता परत येणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर काळजी करायची.

बरोबर कुणी हवं का? सोबत असली की खुर्चीतून उठणं सोपं जातं, यात वाद नाही. कुणीतरी चौकात वाट बघतंय म्हटल्यावर माणूस निघतोच. पण त्याच सोबत्याचा 'आज नको रे' असा फोन आला की दोघांचाही मुक्काम बुडतो. आमच्यात ठरलंय: एक आला नाही तरी दुसरा जाणार, आणि न आलेल्याने सकाळी गरम नाश्ता तयार ठेवायचा. एकट्याने जायची धास्ती वाटत असेल तर पहिले दोन-तीन मुक्काम सोबतीने करा, त्यात कमीपणा नाही.

पायरी सातवी: रात्र

पोचल्यावर आधी तंबू, मग चहा. क्रम उलटा केला की अंधार होतो. जेवण अगदी साधं ठेवा. पहिल्या मुक्कामाला घरून डबा न्या, स्टोव्हवर फक्त पाणी तापवा. तंबूच्या आत स्टोव्ह कधीही पेटवायचा नाही, पाऊस असला तरी, थंडी असली तरी. कापड पेट घेतं हा एक धोका. दुसरा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा, ज्याला वासही नसतो आणि रंगही.

पहिल्या रात्री झोप लागणार नाही. हे आधीच सांगतोय म्हणजे तुम्ही 'आपल्याला हे झेपत नाही' असा निष्कर्ष काढणार नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापेक्षा सावध राहतो, पहाऱ्यावर बसल्यासारखा. तुमचा मेंदू त्याचं काम करतोय, एवढंच. पान पडलं तरी पाऊल वाटतं. उंदराएवढा प्राणी वाळक्या पाल्यातून गेला की बैल गेल्यासारखा आवाज येतो, हे तर प्रत्येकाने अनुभवावंच. कानात घालायचे बोळे न्या. आणि त्याच जागी पुन्हा जा असं मी वर म्हटलं, त्याचं निम्मं कारण हेच: दुसऱ्यांदा ती जागा अनोळखी राहत नाही.

थंडीचं गणित उलटं असतं. झोपताना उकडतं म्हणून टोपी काढून ठेवतो, आणि सगळ्यात कमी तापमान पहाटे, सूर्य उगवायच्या सुमारास येतं. टोपी उशाशी ठेवा. झोपायच्या आधी काहीतरी खा. पोट रिकामं असेल तर ऊब टिकत नाही. लघवीला जायचं असेल तर जाऊन या, तासभर कुस बदलत विचार करू नका. तोंड स्लीपिंग बॅगच्या आत घेऊ नका, श्वासातली वाफ भरावात शिरते आणि बॅग ओली होते. तंबूची झरोका-खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर सकाळी आतल्या छतावर थेंब लोंबत असतात आणि उठताना डोकं लागलं की सगळे एकदम मानेवर.

रात्री अडीच वाजता तुम्हाला वाटेल की हे सगळं मूर्खपणाचं आहे. वाटू द्या. अडीच वाजता पुढच्या महिन्याचा निर्णय घ्यायचा नाही, एवढं पाळा.

पायरी आठवी: सकाळ आणि परतल्यावरचा अर्धा तास

सकाळबद्दल फार लिहीत नाही. ती ज्याची त्याला कळते.

निघताना जागा होती तशी करा. कचरा सगळा परत, फळांच्या सालीसकट. शौचासाठी पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून साठ मीटर दूर, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल खड्डा खणून नंतर तो बुजवायचा. कागद पिशवीत घालून घरी आणायचा. तंबू उचलल्यावर दबलेलं गवत हाताने विस्कटा. खुंट्या मोजा. माझ्या तंबूला आठ होत्या, आता सहा आहेत.

घरी आल्यावर अंघोळ करून आडवं व्हावंसं वाटेल. त्याआधी अर्धा तास द्या, घड्याळ लावून. तंबू दोरीवर टाका, कारण ओला गुंडाळून ठेवलेला तंबू काही दिवसांत बुरशीचा वास मारायला लागतो, आणि तो वास आला की पुढच्या महिन्यात पिशवी उघडायचंच मन होत नाही. स्लीपिंग बॅग उलटी करून वाळत घाला. भांडं घासा, काडेपेटीत काड्या आहेत का बघा, हेडलॅम्प चार्ज करायला लावा, ट्यूब वापरली असेल तर तिच्या जागी दुसरी ठेवा. चेन पुसून तेलाचा हात द्या. तंबू वाळला की घडी घालून थेट डाव्या पिशवीत. माळ्यावर नाही, कपाटात नाही. पिशव्या सायकलजवळच, येता-जाता दिसतील अशा.

मग वहीत दोन ओळी. तारीख, जागा, रात्री किती थंडी होती, काय न्यायला विसरलो, काय उगाच नेलं. बाकी वर्णन लिहायची गरज नाही. 'जून: चमचा विसरलो, काडीने खाल्लं' एवढं वाचूनही सहा महिन्यांनी ती अख्खी संध्याकाळ आठवते. काय उगाच नेलं ही नोंद सगळ्यात कामाची. माझं ओझं तीन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं ते तिच्यामुळे.

महिना हुकला तर

हुकणारच. त्याच लॅलींच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली होती: मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. आपली ही सवय होणार नाही हे वर ठरलंच आहे, पण मुद्दा इथेही लागू होतो. हुकलेला महिना भरून काढायला पुढच्या महिन्यात दोन रात्री करायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा पडलो. दोन्ही रात्रींचं ओझं एवढं वाटलं की तो महिनाही गेला, आणि मग एकदम तिसऱ्या महिन्यात, शरमेने, मित्राच्या अंगणात. सहा किलोमीटर. तो मुक्काम हाच.

हुकलेल्या महिन्यापुढे वहीत फक्त कारण लिहायचं, एका शब्दात. मग चार कारणांची यादी काढून बघायची की हा शब्द तिच्यात आहे का. माझ्या पाच हुकलेल्या महिन्यांपुढे 'ताप', 'कामं', 'कामं', 'ढग' आणि 'माहीत नाही' असं लिहिलेलं आहे.

या महिन्याची तारीख येत्या शुक्रवारची आहे. तंबू वाळलाय, पिशव्या दाराशी आहेत, आणि ती खुर्ची मी आतल्या खोलीत नेऊन ठेवली आहे.